मराठवाड्यातील जलाशयी मासेमारी

मराठवाड्यातील धरणांच्या व मोठ्या तलावांच्या साठलेल्या पाण्यात लहान होड्या, तराफे व हातजाळी घेऊन केली जाणारी मासेमारी. विभागाच्या आठ जिल्ह्यांपैकी एकालाही समुद्र लागत नाही. गोदावरीवरचे जायकवाडी (नाथसागर), पूर्णेवरचे येलदरी, सिंदफणेवरचे माजलगाव, मांजरेवरचे धनेगाव (मांजरा धरण), पैनगंगेवरचे इसापूर ही इथली मासेमारीची मुख्य पाणी. पिढीजात मच्छीमार प्रामुख्याने भोई आणि कहार समाजातले. धरणाखाली जमीन गेल्यावर जाळे हाती घेतलेले इतर जातींचे लोकही त्यांत मिसळले आहेत.

कोकणच्या किनाऱ्यावर मासा आपोआप वाढतो, म्हणून तिथले व्यवस्थापन मुख्यतः आवरण्याचे असते: 1981 चा सागरी मासेमारी नियमन कायदा, 1 जून ते 31 जुलै बंदी, जाळ्याच्या आसावर, म्हणजे त्याच्या एका घराच्या रुंदीवर, मर्यादा. धरणात उलटे आहे. बाजारात चालणारे रोहू, कटला आणि मृगळ हे मासे पावसाळ्यात वाहत्या, पुराच्या पाण्यात अंडी घालतात. साचलेल्या पाण्यात त्यांची वीण सहसा होत नाही. त्यामुळे मासा दरवर्षी बाहेरून आणून सोडावा लागतो. न सोडता फक्त राखत बसले, तर काही वर्षांत जाळ्यात मरळ, वाम, शिंगाडा आणि चिल्लर मासळी तेवढी उरते. (मरळ उरणे ही काही तक्रार नव्हे, तिला भाव चांगला मिळतो.)

हे बीज, म्हणजे सोडायची पिल्ले, आज विकत मिळते, त्यामागे 1957 साली हिरालाल चौधरी यांनी ओडिशातील अंगुल येथे केलेला प्रयोग आहे. मेंदूखालच्या पियूषिका (पिट्युटरी) ग्रंथीच्या अर्काचे इंजेक्शन देऊन त्यांनी या माशांची वीण घडवून आणली. त्यापूर्वी बीज नद्यांमधून गोळा करावे लागे आणि त्यात नको त्या जातीही येत. अंड्यातून नुकत्याच निघालेल्या पिल्लांना मत्स्यजिरे म्हणतात, कारण दिसायला ती जिऱ्याएवढीच. बोटाएवढी झाली की बोटुकली. मोठ्या जलाशयात बोटुकलीच सोडावी लागते. जिरे स्वस्त पडते म्हणून तेच ओतले, तर ते मरळीच्या पोटात जाते. खर्च कागदावर दिसतो, मासा जाळ्यात दिसत नाही.

बीजापेक्षा मोठा प्रश्न पाण्याचा. जायकवाडीची एकूण क्षमता 2,909 दशलक्ष घनमीटर. त्यातले 2,171 उपयुक्त आणि उरलेले 738 मृतसाठा. ‘मृत’ हे नाव कालव्याच्या दृष्टीने ठीक आहे, कारण ते पाणी कालव्यात चढत नाही. मच्छीमाराच्या दृष्टीने मात्र उन्हाळ्यात मासा जिवंत राहतो तो याच पाण्यात. दुष्काळी वर्षी शहरांच्या पिण्यासाठी मृतसाठ्यातूनही उपसा होतो, आणि त्याला कोणी हरकत घेऊ शकत नाही. 2016 च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडे पडले, लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आले. त्या धरणातली मासळी अर्थातच संपली. त्याच वर्षी पावसाळ्याच्या शेवटी धरण भरले, पण पाणी एका आठवड्यात येते, विक्रीजोगा रोहू तयार व्हायला वर्षाच्या आसपास लागते. पाणी ओसरले की उघड्या पडलेल्या काळ्या गाळावर गाळपेर होते. दिवाळीत जिथे जाळे टाकले, तिथे चैत्रात टरबुजाचे वेल असतात.

धरण पाटबंधारे खात्याचे, मासेमारीचा ठेका मत्स्यव्यवसाय खात्याकडून. ठेका शक्यतो मच्छीमारांच्या सहकारी संस्थेला मिळतो. बीज सोडणे आणि पाणी राखणे ही तिची जबाबदारी. व्यवहारात अनेक संस्थांकडे बीजाला भांडवल नसते. मग व्यापारी पैसे पुरवतो, मासळी त्यालाच त्याच्या भावाने द्यायची, आणि संस्था उरते नावापुरती. जायकवाडीवर आणखी एक गुंता आहे: 1986 पासून हा जलाशय पक्षी अभयारण्य आहे, म्हणजे वनखात्याचाही शब्द चालतो.

साधने साधी आहेत. उथळ पाण्यात फेकजाळे, खोल पाण्यात संध्याकाळी उभे लावून पहाटे काढायचे नायलॉनचे जाळे. होडी परवडत नसेल तर थर्माकोलचा तराफा. वारा सुटला की तो धोक्याचा. साठा टिकणे जाळ्याच्या आसावर ठरते. मोठ्या आसातून बोटुकली निसटते आणि पुढच्या हंगामात किलोभराचा मासा होऊन सापडते. मच्छरदाणीसारखे बारीक जाळे ओढले, तर श्रावणात सोडलेले बीज पौषातच टोपलीत येते. हे सर्वांना कळते. पण आपण सोडले तर शेजारचा धरील, हेही सर्वांना कळते. पहिल्या पावसात गाभोळी भरलेला मासा ओढ्यात चढतो, तेव्हा तर नदीकाठचे सगळे गावच पाण्यात उतरते. स्फोटके किंवा विष वापरून मासे मारणे 1897 च्या भारतीय मत्स्य अधिनियमापासून गुन्हा आहे.

चिलापी (तिलापिया) हा परका मासा 1952 साली भारतात आणला गेला. तो साचलेल्या पाण्यातच वितो, पिल्ले तोंडात सांभाळतो, त्यामुळे त्याला बीज सोडावे लागत नाही. काही महिन्यांत वयात येत असल्याने गर्दी होते, आकार लहान राहतो आणि भाव पडतो. तरीही संस्थेकडे बीजाला पैसे नसतात त्या वर्षी अनेक घरांची चूल चिलापीवरच पेटते. त्याला केवळ उपद्रव म्हणणे मच्छीमारांना मान्य नाही. बंदी असलेल्या थाई मांगुर या परक्या माशाची गोष्ट वेगळी. तो इतर मासे खातो, आणि तळ्यातून निसटून नदीत गेला की परत काढता येत नाही.

धरणाची ताजी मासळी काठावरच्या गावांत आणि आठवडी बाजारात लगेच खपते. शहरांत मात्र तिची गाठ आंध्र प्रदेशातल्या तळ्यांवरून बर्फात येणाऱ्या रोहू-कटल्याशी पडते. तो माल बारमाही आणि एकसारख्या आकाराचा असतो, आणि पैठणच्या माशाचा भावही बऱ्याचदा त्यावरूनच ठरतो.