नगर वाहतूक व्यवस्थापन (सोलापूर)

शहराच्या हद्दीतील रस्त्यांची आखणी, बांधणी व देखभाल आणि त्यांवरील रहदारीचे नियमन यांसाठी स्थानिक स्वराज्य संस्था पोलिसांच्या साहाय्याने जे काम करते, त्यास नगर वाहतूक व्यवस्थापन म्हणतात. सोलापुरात 1964 मध्ये महानगरपालिका स्थापन झाली. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, 1949 नुसार सार्वजनिक रस्ते बांधणे, ते दुरुस्त ठेवणे, त्यांवर दिवाबत्ती करणे आणि अडथळे हटविणे ही तिची बंधनकारक कर्तव्ये आहेत. सिग्नलवर वाहन थांबविण्याचा व दंड करण्याचा अधिकार मात्र पोलिसांचा आहे. मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 117 नुसार वाहनतळाची जागा ठरवितानाही स्थानिक संस्थेशी विचारविनिमय करावा लागतो. त्यामुळे चौकातील पांढरे पट्टे एका खात्याचे, ते ओलांडणाऱ्यावरील कारवाई दुसऱ्याची आणि तोच रस्ता राष्ट्रीय महामार्ग असल्यास डांबर तिसऱ्याचे, अशी विभागणी होते. बहुतेक दुखणी या सांध्यांतच आढळतात.

पुणे–हैदराबाद, धुळे–विजयपूर आणि रत्नागिरीहून येणारा असे तीन राष्ट्रीय महामार्ग सोलापुरात एकत्र येतात. हैदराबाद रस्त्यावरील बाजार समितीत कांद्याची आवक वाढली की ट्रकांच्या रांगा रस्त्यावर येतात. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांची भर पडते. मागे लोंबणाऱ्या वाढ्यांनी (उसाच्या पानेदार शेंड्यांनी) ट्रॉलीचे मागचे दिवे झाकले जातात आणि अंधारात दुचाकीस्वाराला ती अगदी जवळ आल्यावरच दिसते. अशा ठिकाणी रुंदीकरणापेक्षा ट्रॉलीवरील परावर्तक (उजेड पडताच चमकणारी) पट्टी अधिक प्राण वाचविते, आणि तिचा खर्च नगण्य असतो. जड वाहनांना ठरावीक वेळांत शहरप्रवेश बंद करणे आणि परगावची वाहतूक केगाव–हत्तूरसारख्या वळणरस्त्याने बाहेरून नेणे हे यावरील मुख्य उपाय होत.

चौकाची रचना हा अभियांत्रिकीचा भाग आहे. पादचारी सेकंदाला सुमारे 1.2 मीटर चालतो असे धरल्यास 12 मीटर रुंद रस्ता ओलांडण्यास 10 सेकंद लागतात. हिरवा दिवा त्याहून लवकर मालवला, तर वृद्ध माणूस दुभाजकावरच अडकतो. सात रस्ता हे नावच ज्या चौकाची अडचण सांगते, तशा ठिकाणी प्रत्येक फाट्याला 20 सेकंदांची स्वतंत्र पाळी दिली, तरी एकाची पाळी संपून पुन्हा येईपर्यंत दोन मिनिटे जातात. तेवढा धीर कोणत्याच शहरातील चालकाला नसतो. म्हणून काही फाटे एकदिशा करणे किंवा वर्तुळाभोवती वाहने फिरविणे सोयीचे ठरते.

गतिरोधक हा नागरिकांच्या मागणीचा आवडता विषय. भारतीय रस्ते काँग्रेस या रस्तेबांधणीची मानके ठरविणाऱ्या संस्थेच्या मानकानुसार तो 3.7 मीटर रुंद, मध्यभागी 10 सेंटीमीटर उंच आणि 17 मीटर त्रिज्येच्या कमानीचा असावा, म्हणजे ताशी 25 किलोमीटर वेगाने तो धक्क्याविना ओलांडता येतो. त्याच्या 40 मीटर आधी सूचनाफलक लागतो. गल्लीबोळांत मात्र हातभर रुंदीचा टेंगूळच गतिरोधक म्हणून मिरवितो. तो वेग कमी करतो खरा, पण मागे बसलेल्याची कंबर मोडतो आणि रात्री न दिसल्यास स्वतःच अपघाताचे कारण होतो.

नवी पेठेसारख्या बाजारपेठांत पदपथ पथाऱ्यांनी व दुचाकींनी व्यापला की पादचारी रस्त्यावर उतरतो. पथविक्रेता अधिनियम, 2014 नुसार विक्रेत्यांची नोंदणी व जागानिश्चिती होणे अपेक्षित आहे. केवळ अतिक्रमणविरोधी गाडी फिरविल्याने पथाऱ्या सकाळी उठतात आणि संध्याकाळी पुन्हा मांडल्या जातात.

श्रीसिद्धेश्वर यात्रेतील नियोजन हा या यंत्रणेचा वार्षिक कसोटीचा प्रसंग असतो. जानेवारीत सात नंदीध्वजांची (सजविलेल्या उंच काठ्यांची) मिरवणूक 68 शिवलिंगांना तैलाभिषेक करण्यासाठी निघते. त्यापूर्वी मार्गावरील खड्डे बुजविले जातात, आड येणाऱ्या तारा व फांद्या दूर केल्या जातात, पर्यायी मार्ग आणि वाहनतळ जाहीर होतात. तारखा दरवर्षी ठरलेल्या असल्याने सर्व खाती एकाच वेळापत्रकाने चालतात. एरवी जलवाहिनीसाठी खोदलेला चर बुजविण्यास महिने लागतात, तेथे ही तत्परता नजरेत भरते.

महामार्गाच्या सुमारे 500 मीटर पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे 5 अपघात झाल्यास, अथवा 10 मृत्यू झाल्यास, तो पट्टा अपघातप्रवण क्षेत्र ठरतो. त्याचा आढावा जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा रस्ता सुरक्षा समिती घेते. 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन अधिनियमात आलेल्या कलम 198अ नुसार रस्त्याच्या सदोष रचनेमुळे वा देखभालीअभावी मृत्यू किंवा अपंगत्व ओढवल्यास जबाबदार प्राधिकरण, ठेकेदार अथवा सल्लागारास एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.