कुकडीचे रांजण आणि चहाचा चोथा

पावसाळा सरला की निघोजच्या रांजणखळग्यांचे, म्हणजे कुकडी नदीच्या कातळात कोरल्या गेलेल्या रांजणासारख्या खोल खड्ड्यांचे, व्हिडिओ मोबाइलवर फिरायला लागतात आणि सोबत तीच तीन वाक्यं येतात. खळगे उल्कापातानं पडले, ते आशियातले सर्वांत मोठे आहेत, आणि बाजांचे सुंभ एकाला एक बांधून सोडले तरी तळ लागत नाही. पहिलं साफ चूक आहे. दुसऱ्यात खोली मोजली, रुंदी मोजली की संख्या, ते कोणी सांगत नाही, त्यामुळे ते तपासताही येत नाही. आणि तळच नसता तर खळगा झालाच नसता, कारण पाणी तळावर अडून फिरतं म्हणून तर तो कोरला जातो.

कुकडीचा उगम जुन्नर तालुक्यात, पूर गावाजवळ कुकडेश्वराच्या प्राचीन देवळापाशी. तिथून नाणेघाट फार लांब नाही. सातवाहन राणी नागनिकेचा शिलालेख तिथेच आहे आणि जकातीचा म्हणून दाखवला जाणारा माणसाच्या हातचा दगडी रांजणही. पुढे नदी जुन्नरवरून पूर्वेला पर्जन्यछायेत उतरते. वाटेत बोरी गावाच्या काठात ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे. ही राख थेट सुमात्रातल्या तोबा ज्वालामुखीची मानतात. ती 74 हजार वर्षांपूर्वीच्या महास्फोटाची की त्याहून कितीतरी जुन्या, यावर अभ्यासकांत बराच वाद झाला. त्याच परिसरात अश्मयुगीन हत्यारंही मिळाल्यानं तो वाद मोलाचा, पण आज तिकडे वळत नाही. निघोज (तालुका पारनेर) आणि टाकळी हाजी (तालुका शिरूर) यांच्यामध्ये कुकडी दोन जिल्ह्यांची हद्द होते, आणि तिथेच कातळात हे रांजण आहेत. त्यानंतर ती घोडला मिळते आणि घोड भीमेला.

इथला कातळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा, म्हणजे बेसाल्ट. थंड होताना त्याला तडे गेले, वायूच्या बुडबुड्यांनी पोकळ्या राहिल्या. त्या पोकळ्यांत पुढे गारगोटीसारखी खनिजं भरली. पुराच्या पाण्यानं एखादा सैल तुकडा उपटला की कातळात खोलगा पडतो, वरून वाहणारं पाणी त्यात अडखळतं आणि भोवरा धरतं.

आता भोवऱ्याच्या आत डोकावू. कपातला चहा चमच्यानं ढवळून थांबलात तर तळाचा चोथा कडेला न जाता मधोमध गोळा होतो. फिरणारं पाणी कडेला किंचित वर चढतं, त्यामुळे कडेशी दाब जास्त आणि मध्याशी कमी असतो. वरच्या थरांत फिरण्याचा वेग या दाबाला तोलून धरतो. तळाशी मात्र घर्षणानं वेग मंदावतो, दाब वरचढ ठरतो आणि पाणी मध्याकडे ढकललं जातं. मध्यातून ते वर येतं, वरून कडेला जातं, कडेनं पुन्हा खाली उतरतं. आइन्स्टाइननं 1926 मध्ये हेच कोडं सोडवताना त्याचा संबंध नद्यांच्या वळणांशी जोडला होता.

रांजणात या फेऱ्याबरोबर वाळूही फिरते. मोठे गोटे तळाशी घरंगळत राहतात. बारीक वाळू मात्र मध्यातून उचलली जाते, बाहेर फेकली जाते आणि भिंत घासत खाली येते. म्हणून भिंतींवर नागमोडी खोबणी दिसतात. खळग्यात सापडणारे गुळगुळीत गोटे पाहून सगळं श्रेय त्यांना द्यायचा मोह होतो, पण भिंती रुंदावण्याचं बरंचसं काम या तरंगत्या वाळूचं असतं. त्यात गारगोटीचे कण असले की काम आणखी जोरात, कारण गारगोटी बेसाल्टमधल्या खनिजांहून कठीण असते.

आणि वेग. पाण्याचा वेग दुप्पट झाला की प्रत्येक कणाची गतिज ऊर्जा चौपट होते. शिवाय तेवढ्याच वेळात दुप्पट कण भिंतीवर आपटतात. म्हणजे झीज आठपट, आणि पुरात वाळूचं प्रमाणही वाढतं ते वेगळंच. थोडक्यात, वर्षभराची संथ धार जवळजवळ काहीच करत नाही. जे व्हायचं ते महापुराच्या मोजक्या दिवसांत होतं. शेजारच्या दोन रांजणांमधली भिंत झिजून फुटली की ते एक होतात. असे अनेक जोडले गेल्यावर रुंद पात्राच्या मधोमध अरुंद, खोल घळ तयार झाली.

काठावर मळगंगेचं देऊळ आहे आणि अनेक भाविक या खळग्यांना देवीची करणी मानतात. देवीला नमस्कार खुशाल करावा, पण करणी वाळूची आहे.

मला खटकते ती वेगळी गोष्ट. कुकडीवर आता माणिकडोह आणि येडगाव ही धरणं आहेत. त्यांनी पाणी शेतात नेलं, ते हवंच होतं. पण धरण पुराचा जोर कमी करतं आणि वरून येणारी वाळू जलाशयात अडवतं. म्हणजे कोरायला लागणारा वेगही घटला आणि हत्यारंही घटली. निघोजला गेलात तर खळग्यांत नुसते वाकून पाहू नका. भिंत घासून गुळगुळीत झालेली आणि तळाशी धुतलेली वाळू असेल, तर तो रांजण पुरात अजून कामाला लागतो. वरच्या अंगाचे, माती साचून गवत उगवलेले खळगे मात्र निवृत्त झालेले समजायचे.