ब्रेकची लाल लाइट ऑइल टाकून घालवू नका, आधी पॅड बघा

डॅशबोर्डवर लाल गोलात उद्गारचिन्ह असलेली ब्रेकची लाइट लागली आणि विझेचना झाली की सोलापुरात पहिला सल्ला ठरलेला असतो, "ब्रेक ऑइल टाका की ओ, जातंय ते." आणि खरंच जातं, छोटी बाटली आणायची, बॉनेट उघडून ब्रेक ऑइलच्या डबीत ओतायची, लाइट गेली आणि माणूस निवांत तुळजापूरला निघाला. मला या सल्ल्याचा राग येतो, कारण लाइट काय सांगत होती ते कुणी बघितलंच नाही. वर कारण काय देतात, तर आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीच्या पुढं जातो, ऊन फार, ऑइल आटलं असेल. ब्रेक ऑइल उन्हानं आटत नाही. ते २०० अंशांच्या पुढं उकळतं आणि झाकण लावलेल्या डबीत असतं.

आधी सोपी कारणं उरकून घेऊ. हँडब्रेकच्या दांड्याखाली एक छोटा बटणासारखा स्विच असतो, दांडा पूर्ण खाली बसला नाही किंवा स्विचमध्ये धूळ गेली की लाइट चालू राहते, दांडा दोन-चार वेळा वर-खाली करून बघा. लाल लाइटसोबत पिवळी एबीएसची (जोरात ब्रेक मारल्यावर चाकं लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेची) पण लागली असेल तर प्रकरण बहुतेक चाकाजवळच्या सेन्सरचं नाहीतर वायरिंगचं, तिथं ब्रेक लागतात पण पुढच्या-मागच्या चाकांत ब्रेकचा जोर वाटून देणारी यंत्रणा बंद पडलेली असू शकते आणि जोरात ब्रेक मारल्यावर मागची चाकं आधी लॉक होऊ शकतात, म्हणून हळू चालवत गॅरेज गाठा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, लाइट लागलीय आणि पेडल मऊ लागतंय किंवा नेहमीपेक्षा खोल जातंय, तर गाडी जागेवरच ठेवा, कुठंतरी गळती आहे. पेडल कडक आहे, गळती दिसत नाही, तरी डबीतलं ऑइल खाली गेलंय, मग खरा विषय सुरू होतो. ते ऑइल गेलं कुठं?

ते कुठंच गेलेलं नाही, चाकापाशी बसलंय.

बंद जागेतल्या द्रवावर एका ठिकाणी दाब दिला की तो सगळीकडे सारखाच पोचतो, हा पास्कलचा नियम शाळेत झालाय. समजा मास्टर सिलेंडरच्या, म्हणजे पेडल दाबल्यावर ऑइल ढकलणाऱ्या नळकांड्याच्या, पिस्टनचा व्यास २० मिमी आहे आणि पुढच्या चाकाच्या कॅलिपरमधल्या, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या चिमट्यातल्या, पिस्टनचा ५४ मिमी. क्षेत्रफळ काढलं तर ३.१ चौरस सेंमी विरुद्ध साधारण २३ चौरस सेंमी, म्हणजे जोर सातपटीच्या वर वाढला. पण फुकट काही मिळत नाही, जोर जितक्या पटीत वाढला तितक्याच पटीत अंतर कमी होतं. पॅड (घासून झिजणारी पट्टी) आणि डिस्क (चाकासोबत फिरणारी चकती) यांतली फट अशी वाढली की दोन्ही पुढच्या पिस्टनना फक्त १ मिमी जादा सरकावं लागेल, तर तेवढी जागा भरायला साडेचार घन सेंमी ऑइल जादा लागतं, त्यासाठी मास्टरचा पिस्टन जवळजवळ दीड सेंमी जादा ढकलावा लागतो, आणि पेडलच्या दांड्याचं गुणोत्तर चार धरलं तर तुमचा पाय सहा सेंमी जादा खाली जाईल! म्हणजे पेडल जमिनीलाच टेकायला आलं. पॅड तर वापरात कित्येक मिलिमीटर झिजतात, मग पेडल रोज थोडं थोडं खाली का जात नाही?

याचं उत्तर एका रबराच्या कड्यात आहे आणि मला ते कडं फार आवडतं. कॅलिपरच्या आत खाचेत चौकोनी काटछेदाचं एक सील बसवलेलं असतं, ते पिस्टनला घट्ट धरून असतं. ब्रेक दाबला की पिस्टन पुढं सरकतो आणि सील त्याला न सोडता स्वतःच थोडं पिळवटतं. पाय काढला, दाब गेला, की सील परत सरळ होतं आणि पिस्टनला सोबत मागं ओढतं, मिलिमीटरचा काही अंशच, पण पॅड डिस्कवर घासत राहू नये एवढं पुरेसं. आता पॅड झिजला, पिस्टनला नेहमीपेक्षा जास्त पुढं जावं लागलं, आणि सील जेवढं पिळवटू शकतं त्याच्या पलीकडं गेलं की पिस्टन सीलमधून घसरतो आणि पुढच्या जागी नवीन पकड बसते. मागं येताना मात्र तेवढाच येतो, जेवढं सील वळलं होतं. म्हणजे फट कायम तेवढीच राहते, पेडलची उंची तेवढीच राहते, कुणी नट-बोल्ट फिरवायला नको, आणि हे सगळं तुम्ही प्रत्येक सिग्नलला ब्रेक मारता तेव्हा आपोआप होतं.

पण पिस्टनच्या मागं जी नवी जागा झाली ती भरायला ऑइल डबीतूनच येतं. आपल्या बहुतेक छोट्या गाड्यांत कॅलिपरला एकच पिस्टन असतो आणि तो दोन्ही पॅडची झीज भरून काढतो. प्रत्येक पॅड ७ मिमी झिजला तर पिस्टन १४ मिमी बाहेर, म्हणजे एका चाकाला ३२ घन सेंमी, दोन चाकांना ६४, टपरीवरच्या कटिंग चहाएवढं ऑइल डबीतून खाली उतरलं. म्हणून ती पातळी म्हणजे पॅड किती उरलेत याचं मापच आहे, आणि वरून ऑइल ओतलं की ते माप खोटं होतं.

डबीतला स्विचही बघण्यासारखा आहे. ऑइलवर तरंगणाऱ्या फ्लोटमध्ये चुंबक असतं, पातळी उतरली की ते खाली येतं, आणि ऑइल लागणार नाही अशा जागी एक रीड स्विच, म्हणजे काचेच्या बंद नळीत लोखंड-निकेलच्या दोन पातळ पट्ट्या, चुंबक जवळ आलं की त्या एकमेकींना चिकटतात आणि सर्किट पूर्ण होतं. १९३६ मध्ये बेल लॅबच्या वॉल्टर एलवूड यांनी तो शोधला. पातळी लाइट लागण्याच्या बेताला आली असेल तर घाटात, वळणावर किंवा ब्रेक मारल्यावर ऑइल हिंदकळतं आणि लाइट लुकलुकते, तेव्हाच पॅड बघून घ्या, कायम लागायची वाट बघू नका. डबी भरलेली असूनही लाइट जात नसेल तर डबीवर बोटानं टकटक करा, फ्लोट अडकला असेल तर सुटतो. डबीचं कनेक्टर काढल्यावर लाइट विझली तर साध्या वायरिंगच्या गाडीत दोष फ्लोटचा नाहीतर स्विचचा.

एक गोष्ट ही लाइट सांगू शकत नाही. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी हळूहळू ओढून घेतं. डॉट ४ (डॉट ही ब्रेक ऑइलची प्रतवारी) ऑइलचा उकळबिंदू नवं असताना किमान २३० अंश हवा, पण त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की १५५ पर्यंत चालतो असं मानकच सांगतं. लांब उतारावर सतत ब्रेक दाबत आलात तर कॅलिपरमधलं ऑइल उकळतं, वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल थेट खाली. पातळी ठीक असते, लाइट लागत नाही. गाडी थंड झाली की वाफेचं परत पाणी होतं, ब्रेक पहिल्यासारखे, मेकॅनिकलाही काही सापडत नाही, आणि मग लोक म्हणतात त्या वळणावरच काहीतरी आहे, तिथं नारळ फोडतात, बंपरला लिंबू-मिरची बांधतात. वळणावर काही नसतं हो, ऑइलमध्ये पाणी असतं. उतारावर खालच्या गिअरमध्ये या आणि साधारण दोन वर्षांनी ऑइल पूर्ण बदला, डबीच्या झाकणावर जो डॉट नंबर लिहिलाय तोच. इंजिनचं किंवा पॉवर स्टीअरिंगचं तेल त्यात चुकूनही नको, सीलचं रबर फुगून ब्रेक जाम होतात.

आणि मधल्या काळात टॉप-अप केलेलं असेल तर नवे पॅड टाकताना मेकॅनिकला तसं सांगा. पिस्टन मागं दाबल्यावर ते सगळं ऑइल डबीत परत येतं आणि झाकणातून बाहेर सांडतं, गाडीच्या रंगावर पडलं तर रंग उचलतं, लगेच भरपूर पाण्यानं धुवायचं.