खरवडीला आलेला भाव

मागच्या महिन्यात मामेभावाचा गावाहून फोन आला. कुठल्याशा कंपनीचा माणूस येऊन गेला होता. बांधावर झाडं लावा, तीस वर्षं तोडू नका, झाडांनी शोषलेल्या कार्बनचे पैसे खात्यात जमा होतील, असं सांगून कागद ठेवून गेला. "सही करू का, दादा?" एवढाच त्याचा प्रश्न होता. मी त्याला दोन दिवस थांबायला सांगितलं, कारण मला एक वायू आठवला होता. 'प्रदूषणाला किंमत लावा, बाकीचं बाजार बघून घेईल' हे वाक्य ऐकलं की मला दर वेळी तोच आठवतो.

या वायूचं नाव एचएफसी-२३. तो कुणाला नको असतो आणि मुद्दाम कुणी बनवत नाही, निदान बनवायला नको. जुन्या एसीत गॅस भरणारा मेकॅनिक ज्याला 'ट्वेंटी-टू' म्हणतो, तो आर-२२ तयार होताना हा सोबत निघतो. आर-२२ फक्त एसीतच जातो असंही नाही. नॉनस्टिक तव्यावरच्या थराचा कच्चा मालही तोच आहे.

आर-२२ बनवायला क्लोरोफॉर्म घेतात. त्याच्या रेणूत मधोमध एक कार्बन असतो आणि त्याला एक हायड्रोजन व तीन क्लोरीन जोडलेले असतात. अँटिमनीच्या उत्प्रेरकासोबत त्यात हायड्रोजन फ्लोराइड सोडलं की क्लोरीन एकेक करून बाहेर पडतात आणि त्यांच्या जागी फ्लोरीन बसतं. दोन क्लोरीन बदलले की झाला आर-२२. पण रेणू काही मोजून थांबत नाहीत. काहींचा तिसरा क्लोरीनही जातो, आणि मग उरतो एचएफसी-२३. बासुंदी आटवताना तळाला खरवड धरते, तसंच हे. खरवड अजिबात धरणार नाही असं होत नाही, पण किती धरेल ते आचेवर आणि ढवळणाऱ्या हातावर अवलंबून असतं. इथेही तापमान, दाब आणि उत्प्रेरकाची अवस्था सांभाळली तर शंभर टन आर-२२ मागे दीड टनाच्या आसपास एचएफसी-२३ निघतो. दुर्लक्ष केलं तर तीन-चार टन.

हा रेणू माझा आवडता आहे, म्हणून इथे थोडं थांबतो. तापलेली जमीन अवरक्त किरणं बाहेर टाकते. पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड त्यांतली बरीचशी अडवतात, पण ८ ते १२ मायक्रोमीटर तरंगलांबीच्या पट्ट्यात दोघांचाही फारसा अडथळा नसतो. पृथ्वीची उष्णता अवकाशात जाण्याची ही उघडी खिडकी. कार्बन आणि फ्लोरीन यांच्यातला बंध नेमका याच पट्ट्यात थरथरतो आणि तिथली किरणं गिळतो. म्हणजे हा वायू थेट खिडकीतच येऊन बसतो. शिवाय तो लवकर मरत नाही. हवेतला हायड्रॉक्सिल नावाचा गट आर-२२ चा हायड्रोजन ओढून घेतो आणि साधारण १२ वर्षांत त्याचा निकाल लावतो. एचएफसी-२३ मध्ये मात्र तीन फ्लोरीनच्या ओढीने उरलेला हायड्रोजन असा घट्ट धरलेला असतो की तो रेणू दोनशेहून जास्त वर्षं टिकतो. या दोन्ही गोष्टी धरून हवामानबदल रोखण्यासाठीच्या क्योटो कराराच्या हिशेबात एक टन एचएफसी-२३ बरोबर ११,७०० टन कार्बन डायऑक्साइड असं समीकरण मांडलं गेलं.

गोम या 'बरोबर' शब्दात आहे. १९९७च्या क्योटो करारात श्रीमंत देशांना एक सवलत मिळाली. स्वतःचा धूर कमी करणं महाग पडत असेल, तर गरीब देशांत तो कमी करणाऱ्याला पैसे द्या आणि त्याचं क्रेडिट आपल्या नावावर लावा. एक टन वाचला की एक क्रेडिट. 'सीडीएम' नावाच्या या योजनेच्या नोंदवहीतला प्रकल्प क्रमांक १ गुजरातमधल्या कारखान्याचा आहे, २००५चा. आर-२२ बनवताना निघणारा एचएफसी-२३ आता हवेत न सोडता बाराशे अंश सेल्सिअसच्या भट्टीत जाळायचा, असा तो प्रकल्प. पुढे असे कारखाने १९ झाले. त्यांतले ११ चीनमध्ये आणि ५ भारतात होते.

आता शंभर टन आर-२२ चा हिशेब करा. त्यामागे तीन टन एचएफसी-२३ जाळला की ३५,१०० क्रेडिटं मिळतात. क्रेडिटला दहा युरो धरले तरी साडेतीन लाख युरो झाले. जाळायचा खर्च क्रेडिटमागे एक डॉलरही नाही. स्टॅनफर्डच्या मायकेल वारा यांनी २००७ मध्ये 'नेचर'मध्ये दाखवून दिलं की या कारखान्यांना माल विकून मिळतं त्याच्या जवळजवळ दुप्पट क्रेडिटांतून मिळू शकतं. जे काम शंभर दशलक्ष युरोंच्या आत झालं असतं, त्यासाठी साडेचार अब्जांहून जास्त मोजले जाणार होते. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

खरवडीला बासुंदीपेक्षा जास्त भाव मिळू लागला, तर आच कोण कमी करेल? म्हणूनच नियमांत तीन टक्क्यांची मर्यादा घातली होती, म्हणजे शंभर टन आर-२२ मागे तीन टनांपुरतंच क्रेडिट. लांबर्ट श्नायडर या संशोधकाने कारखान्यांच्याच नोंदी तपासल्या तेव्हा दिसलं की काही ठिकाणी ज्या काळात क्रेडिट मिळत नव्हतं त्या काळात खरवड कमी धरत होती, आणि क्रेडिट सुरू झालं की पुन्हा वाढत होती. याचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. युरोपातल्या वीजकेंद्राने ते क्रेडिट विकत घेऊन तेवढा कोळसा खरोखर जाळला. त्याच्या बदल्यात इथे जो वायू 'वाचवला' तो क्रेडिट नसतं तर तयारच झाला नसता. कागदावर बाकी शून्य आली, हवेत मात्र भर पडली. आणि त्या उष्णतेत उसाच्या फडात कोयता चालवणाऱ्या बाईला या व्यवहारातून छदामही मिळाला नाही. चीनने निदान या कमाईवर ६५ टक्के कर लावून पैसा सरकारी निधीत वळवला. आपण तसं केलं नाही.

आपल्याकडे एक निरोप फिरतो, की होमात तोळाभर तूप घातलं की टनभर ऑक्सिजन तयार होतो. जळण्याला ऑक्सिजन लागतो, त्यातून तो निर्माण होत नाही, हे शाळेतलं मूलही सांगेल. तो निरोप पुढे पाठवणाऱ्यांना आपण हसतो. पण कोटाला 'कार्बन न्यूट्रल'चा, म्हणजे सोडला तेवढा कार्बन भरून काढल्याचा, बिल्ला लावलेल्या माणसाने तेवढाच पोकळ दावा केला, तर टाळ्या वाजवतो. हे मला खटकतं.

हे सगळं थांबवलं ते बाजाराने नव्हे. हवामान न्यायासाठी झगडणाऱ्या संघटनांनी २००४ मध्येच डर्बनला कार्बनच्या व्यापाराविरुद्ध जाहीरनामा काढला होता, तेव्हा त्यांना विकासाचे शत्रू ठरवलं गेलं. २०१० मध्ये 'सीडीएम वॉच' या छोट्या संस्थेने एचएफसी-२३ ची आकडेवारी घेऊन संयुक्त राष्ट्रांकडे रीतसर तक्रार केली. त्यानंतर युरोपने १ मे २०१३ पासून ही क्रेडिटं आपल्या बाजारात बंद केली. आणि १३ ऑक्टोबर २०१६ रोजी भारत सरकारने आपल्या कारखान्यांना आदेश दिला, की हा वायू जाळा आणि तोही स्वतःच्या खर्चाने. एचएफसी वायूंना आवर घालणारा किगालीचा करार झाला त्याच आठवड्यातली ही गोष्ट. कोट्यवधी युरोंशिवाय होणार नाही असं जे सांगितलं जात होतं, ते एका आदेशात बसलं.

आदेश काढला की काम फत्ते, असं मात्र मी म्हणणार नाही. ऑस्ट्रेलियातल्या टास्मानिया बेटाच्या वायव्य टोकावर केप ग्रिम नावाचं हवा मोजणारं केंद्र आहे. १९७८ पासून तिथली स्वच्छ सागरी हवा स्टीलच्या टाक्यांत भरून जपली जाते. अशा केंद्रांच्या मोजमापांवरून २०२० मध्ये ब्रिटनमधल्या ब्रिस्टल विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी जगभरचा हिशेब मांडला. भारत आणि चीनने दिलेल्या आकड्यांनुसार एचएफसी-२३ चं उत्सर्जन जवळजवळ थांबायला हवं होतं. प्रत्यक्षात २०१८ मध्ये ते सुमारे १५,९०० टन निघालं, तोवरच्या सगळ्या नोंदींत सर्वाधिक. कुठल्या धुराड्यातून निघालं ते त्या आकड्यावरून कळत नाही. त्यासाठी कारखान्याच्या दारात जाऊन मोजणारा निरीक्षक लागतो, त्याचा पगार लागतो, आणि त्याचा अहवाल गावकऱ्यांना वाचायला मिळावा लागतो.

आपल्या देशात २०२३ मध्ये कार्बन क्रेडिट व्यापाराची योजना अधिसूचित झाली आहे, त्यामुळे असे कागद आता गावोगाव येणार. मामेभावाला मी सांगितलं, त्या माणसाला आधी दोन गोष्टी विचार. हा करार झाला नसता तर तुझ्या बांधावर काय झालं असतं, असं त्यांनी धरलंय? आणि तुझ्या झाडांच्या जोरावर नेमकं कोण, कुठे, किती कोळसा जाळणार आहे? त्याने विचारलं. साहेबांना विचारून सांगतो म्हणून तो माणूस गेला आहे. कागद अजून फळीवरच आहे, सहीविना.