दोन फ्लॅट, एक मीटर: वीजबिलाच्या वादात अर्ज कुठे आणि कोणता करायचा

वीज कंपनीच्या दप्तरात शेजारी नावाचा माणूसच नसतो. तिथे असतो ग्राहक क्रमांक, मीटर क्रमांक आणि ज्या जागेसाठी जोडणी मंजूर झाली ती जागा. म्हणून ‘त्यांच्या एसीचं बिल आम्ही भरतोय’ अशी तक्रार नेली, की ‘ते तुमचं आपसात बघा’ असं उत्तर मिळतं. तेच ‘माझ्या मीटरला दुसऱ्या फ्लॅटची वायर जोडलेली दिसते, स्थळ तपासणी करून अहवाल द्यावा’ असं लिहून दिलं, की कार्यालयाला पोच द्यावी लागते. अर्धं काम या वाक्यातच होतं.

आधी आपला वाद कोणत्या जातीचा आहे ते ठरवा. वायरी उलटसुलट लागल्या आहेत, की दोन घरं खरोखरच एका मीटरवर आहेत, की मीटर बरोबर असून बिलच चुकलं आहे? तिन्हींचे अर्ज वेगळे.

सर्वात जास्त भांडणं पहिल्या प्रकारात होतात, आणि तिथे बहुतेक वेळा दोष शेजाऱ्याचा नसतो. मीटर खोलीत वीस-पंचवीस मीटर ओळीने असतात. इमारत नवी असताना किंवा मीटर बदलताना ३०१ ची वायर ३०२ च्या मीटरला लागते. दोन्ही घरं चालू, कुणालाच शंका नाही. मग एक घर सहा महिने बंद राहतं आणि तरी बिल येतं, तेव्हा बोंब उठते.

खात्री घरबसल्या करता येते. आपल्या घरातला मेन स्विच बंद करा आणि कुणाला तरी मीटरसमोर उभं करा. मीटरवरचा लुकलुकणारा लाल दिवा थांबायला हवा. तुमचा चालूच राहिला आणि शेजारच्या मीटरचा थांबला, तर अदलाबदल जवळजवळ नक्की. मग मेन पुन्हा चालू करून दोन हजार वॅटचा गीझर अर्धा तास चालवा: साधारण एक युनिट कोणत्या मीटरवर चढतं ते पाहा. शक्य तर शेजाऱ्यांना सोबत घ्या, व्हिडिओ काढा. मात्र सील, झाकण, वायर यांना हात लावू नका. ओळखीच्या इलेक्ट्रिशियनकडून ‘दोन मिनिटांत’ वायर बदलून घेणं हा सर्वात महागडा उपाय आहे. पुरावा जातो, आणि मीटरशी छेडछाड केल्याचा ठपका तुमच्यावरच येऊ शकतो.

अर्ज महावितरणच्या उपविभाग कार्यालयात द्यायचा. मुंबईच्या बहुतेक भागात बेस्ट, अदानी किंवा टाटा पॉवर यांपैकी जी कंपनी बिल पाठवते तिच्याकडे. कंपनीच्या तक्रार क्रमांकावर (महावितरणचा १९१२) फोन करून तक्रारीचा नोंदणी क्रमांक घ्या, पण त्यावर थांबू नका, लेखी अर्जाची शिक्क्यासह पोच घ्या. सोबत दोन्ही मीटरचे क्रमांक दिसणारे फोटो, आपली वर्षभराची बिलं, जागेचा पुरावा आणि जमल्यास सोसायटीच्या सचिवांचं पत्र जोडा. शेजाऱ्यांची सही असली तर काम सोपं होतं, नसली तरी तपासणी अडत नाही. तपासणीच्या वेळी हजर राहा, अहवालाची प्रत मागा. आणखी एक कागद मागा, जो सहसा कुणी मागत नाही: दोन्ही ग्राहक क्रमांकांचा सीपीएल, म्हणजे महिन्यागणिक रीडिंग आणि भरणा दाखवणारा खात्याचा उतारा. शेजाऱ्याच्या खात्याचा उतारा त्यांनीच मागितलेला बरा. हिशेब शेवटी त्यावरच होतो.

हिशेब झाल्यावर एकाला परतावा मिळतो आणि दुसऱ्याच्या बिलात रक्कम चढते. दुसऱ्यासाठी वीज कायदा २००३ चं कलम ५६(२) महत्त्वाचं: रक्कम पहिल्यांदा देय झाल्यापासून दोन वर्षांनंतर, ती थकबाकी म्हणून सतत दाखवलेली नसेल, तर वसूल करता येत नाही. हे ‘पहिल्यांदा देय’ नेमकं कधी, यावरच प्रकरणं लढली जातात. तोवर आपसात रोख देवघेव करू नका, कंपनीचा हिशेब वेगळा निघाला की नवं भांडण उभं राहतं.

दुसरा प्रकार एकाच मीटरवर दोन घरांचा. भावांनी वाटून घेतलेला फ्लॅट, किंवा मालकाचं मीटर आणि भाडेकरूला सबमीटर, म्हणजे त्याचा वापर मोजायला मालकाने आत बसवलेला खासगी मीटर. इथे ‘निम्मं-निम्मं’ हा तोडगा दिसतो तितका न्याय्य नाही. महावितरणच्या घरगुती दराचे टप्पे १००, ३०० आणि ५०० युनिटांवर बदलतात. दोन्ही घरं महिन्याला नव्वद युनिट वापरत असतील तर वेगळ्या मीटरवर दोघंही पहिल्या टप्प्यात राहतात. एकत्र मीटरवर १८० युनिट होतात आणि ऐंशी युनिटांना वरचा दर लागतो. सबमीटर युनिट मोजतो, टप्पा सोडवत नाही. त्यामुळे वेगळं मीटर घेणं हाच खरा इलाज.

वीज कायद्याच्या कलम ४३ प्रमाणे जागेचा मालक किंवा ताबेदार, दोघांपैकी कुणीही जोडणी मागू शकतो. मात्र केवळ टप्पे चुकवायला दुसरं मीटर मागितलं जात नाही ना, हे कंपनी पाहते. जागा खरोखर वेगळी आहे, स्वयंपाकघर वेगळं आहे, हे दाखवावं लागतं. स्वतंत्र शिधापत्रिका इथे उपयोगी पडते. अर्ज ए-१ नमुन्यात किंवा ऑनलाइन. सोबत ओळखपत्र, इंडेक्स-२ (खरेदीखताच्या नोंदणीचा उतारा), करपावती किंवा शेअर सर्टिफिकेट, भाडेकरू असल्यास नोंदणीकृत करार, आणि परवानाधारक विद्युत ठेकेदाराचा चाचणी अहवाल. जुन्या मीटरवर थकबाकी असेल तर आधी ती मिटवा. केंद्राच्या वीज ग्राहक हक्क नियमांत २०२४ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार पूर्ण अर्जानंतर महानगरात ३, इतर पालिका क्षेत्रात ७ आणि ग्रामीण भागात १५ दिवसांत जोडणी मिळायला हवी. मालकाने मध्येच भाडेकरूची वीज तोडली, तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २९ खाली न्यायालयात दाद मागता येते.

इथे एक इशारा. शेजाऱ्याची वीज कापली म्हणून खिडकीतून वायर दिली, तर माणुसकी म्हणून ते शोभतं, पण मंजूर जागेबाहेर वीज वापरणं वीज कायद्याच्या कलम १२६ मध्ये, म्हणजे अनधिकृत वापरात बसतं. आकारणी दुप्पट दराने होते, आणि ती तुमच्या नावावर. अंतिम आदेशाविरुद्ध कलम १२७ खाली तीस दिवसांत अपील करायचं असतं, तेही अर्धी रक्कम भरून. वीज ग्राहकांचा गाऱ्हाणे निवारण मंच हे प्रकरण ऐकत नाही.

तिसरा प्रकार सोपा. मीटर आपलाच आहे, पण जोरात फिरतोय असं वाटतं. त्याच २०२४ च्या दुरुस्तीनुसार अशी तक्रार आल्यावर पाच दिवसांत जोडीला दुसरा मीटर बसवायचा आणि किमान तीन महिने वापर ताडून पाहायचा असतो. ही सोय अर्जात नावानिशी मागा.

जिना, पंप, लिफ्ट यांच्या कॉमन मीटरवरून कुणी गाडी चार्ज करत असेल, तर ते आधी सोसायटीच्या सभेत न्या.

कार्यालयाने दाद दिली नाही, तर कंपनीची अंतर्गत तक्रार व्यवस्था आणि नंतर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत मंचाकडे जायला हवं. तिथेही मनासारखं झालं नाही, तर आदेशापासून साठ दिवसांत विद्युत लोकपाल. त्यांची कार्यालयं मुंबई आणि नागपूरला आहेत. वाद चालू असताना वीज तोडायची धमकी आली तर वीज कायद्याच्या कलम ५६(१) चं परंतुक, म्हणजे त्यातला अपवाद, दाखवा: मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांची सरासरी, यांतली कमी ती निषेध नोंदवून भरली की वीज तोडता येत नाही. भरताना ‘निषेध नोंदवून’ हे शब्द अर्जावर लिहा आणि त्याचीही पोच घ्या.