टपाली मतदान, परदेशातून

परदेशी राहणाऱ्या नागरिकाने मतदान केंद्रावर न येता टपालाने मतपत्रिका पाठवून मत देण्याची पद्धत. अमेरिकेने १९८६ च्या कायद्याने परदेशस्थ नागरिकांना ही सोय दिली आहे. भारतात मात्र ती सरसकट नाही. परदेशी राहण्याचे कारण काय, यावर ती मिळणे न मिळणे अवलंबून असते.

कोल्हापूर जिल्ह्यातून दोन तऱ्हांची माणसे परदेशी जातात आणि कायदा या दोघांना वेगवेगळे वागवतो. शिरोळ तालुक्यातील सैनिक टाकळीचा जवान संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत गेला किंवा एखादा सरकारी कर्मचारी परदेशातील भारतीय वकिलातीत नेमला गेला, तर तो सैनिक मतदार ठरतो. २०१६ पासून त्याची मतपत्रिका संगणकाद्वारे पाठवता येते. ती छापून घ्यायची, मत नोंदवायचे, साक्षांकित घोषणापत्र जोडायचे आणि पाकिटात पाकीट घालून निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे टपालाने धाडायची, अशी ही रीत आहे. म्हणजे मतपत्रिका क्षणात पोहोचते, परतीचा प्रवास मात्र जुन्याच गतीने होतो. मतमोजणी सुरू होण्याच्या ठरलेल्या वेळेनंतर आलेले पाकीट मोजले जात नाही. सैन्यदलातील मतदाराला याऐवजी आपल्या वतीने मत देण्यासाठी गावातील प्रतिनिधी नेमण्याचा पर्याय २००३ पासून आहे.

राजारामपुरीतून दुबईला नोकरीसाठी गेलेल्या अभियंत्याची स्थिती निराळी आहे. २०१० च्या दुरुस्तीने लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५० मध्ये कलम २० क घालण्यात आले व ते १० फेब्रुवारी २०११ पासून अमलात आले. त्यानुसार शिक्षण, नोकरी वा अन्य कारणाने परदेशी राहणारा, पण तेथील नागरिकत्व न घेतलेला भारतीय, नमुना ६ क भरून मतदार यादीत नाव नोंदवू शकतो. ही नोंद पारपत्रावरील भारतातील पत्त्यावर होते. म्हणून घर कोल्हापुरात आणि पारपत्र पुण्याच्या पत्त्यावर असल्यास मत पुण्यात जाते, ही गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. अशा मतदाराला मतदार ओळखपत्र दिले जात नाही, आणि टपाली मतपत्रिकाही मिळत नाही. मूळ पारपत्र घेऊन त्याला स्वतः केंद्रावर यावे लागते. नाव यादीत असते, हक्क मान्य असतो, आणि तो बजावण्याचा खर्च विमानाच्या तिकिटाएवढा असतो.

याचा परिणाम आकड्यांत दिसतो. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत देशभरात सुमारे १.१९ लाख परदेशस्थ मतदारांची नोंद होती. प्रत्यक्ष मत देणारे तीन हजारांच्या आत होते व त्यांतील बहुतेक केरळचे होते. कोल्हापूर आणि हातकणंगले या दोन्ही मतदारसंघांत ७ मे २०२४ रोजी, म्हणजे ऐन उन्हाळी सुट्टीत मतदान झाले; परंतु उजळाईवाडीच्या विमानतळावरून थेट आंतरराष्ट्रीय सेवा नसल्याने परदेशातून येणाऱ्यास मुंबई, पुणे किंवा गोव्यामार्गे यावे लागते.

हा भेद मिटवण्याचे प्रयत्न झाले आहेत. परदेशस्थांना प्रतिनिधीमार्फत मत देऊ देणारे विधेयक लोकसभेने ऑगस्ट २०१८ मध्ये संमत केले; राज्यसभेत ते संमत होण्याआधीच सोळावी लोकसभा विसर्जित झाली आणि ते व्यपगत झाले. निवडणूक आयोगाने २०२० मध्ये सैनिक मतदारांची संगणकीय टपाली पद्धत परदेशस्थांनाही लागू करण्याचा प्रस्ताव केंद्र सरकारपुढे ठेवला. परदेशातील वास्तव्य संपवून कायमचा परतलेला मतदार नमुना ६ भरून पुन्हा सर्वसाधारण मतदार म्हणून नोंद करून घेतो.