लोकसंख्या संक्रमण

जन्मदर आणि मृत्युदर दोन्ही चढे असलेला समाज दोन्ही कमी असलेल्या स्थितीला पोचतो, त्या वाटचालीला लोकसंख्या संक्रमण म्हणतात. या वाटेवर मृत्युदर आधी उतरतो, जन्मदर मागाहून. दोन्हींच्या मधल्या फटीत लोकसंख्या फुगते. म्हणजे वाढीचे मूळ सहसा जास्त मुले होण्यात नसते, झालेली मुले जगू लागण्यात असते. ‘लोकसंख्येचा स्फोट’ म्हणणारे नेमके हेच विसरतात. वॉरन थॉम्पसन यांनी १९२९ मध्ये आणि फ्रँक नोटस्टाइन यांनी १९४५ मध्ये ही कल्पना मांडली. जगाची लोकसंख्या १८०४च्या सुमारास १०० कोटी झाली. २०० कोटींसाठी १९२७ उजाडले. ७०० कोटींवरून ८०० कोटींवर जायला मात्र २०११ ते २०२२ एवढी अकराच वर्षे लागली. तरीही वाढीचा वेग १९६०च्या दशकातच शिगेला पोचला होता. तेव्हा तो वर्षाला दोन टक्क्यांहून अधिक होता, आता एका टक्क्याच्या आत आहे.

भारतात हा टप्पा जनगणनेत स्पष्ट दिसतो. १९११ ते १९२१ या दशकात देशाची लोकसंख्या किंचित घटली. प्लेग होताच, त्यात १९१८ची मानमोडीची, म्हणजे इन्फ्लुएंझाची, साथ आली. त्यानंतर एकाही जनगणनेत घट नोंदली गेली नाही, म्हणून १९२१ला महाविभाजक वर्ष म्हणतात. १९५१ साली ३६ कोटी असलेला देश २०११ मध्ये १२१ कोटींवर गेला.

त्याआधीचा काळ मराठी नावांतही सापडतो. पाठोपाठ मुले दगावली की पुढच्याचे नाव दगडू, धोंडू किंवा केरू ठेवत. टाकाऊ वाटणाऱ्या पोराला काळ उचलणार नाही, हा हिशेब. ‘अष्टपुत्रा सौभाग्यवती भव’ हा आशीर्वादही त्याच जगातला. आठ झाली तर तीन-चार हाती लागायची. १९७१ मध्येही भारतात हजार जिवंत जन्मांमागे १२९ अर्भके वर्षाच्या आत दगावत; २०२० मध्ये हा आकडा २८ होता. मुले जगतात अशी खात्री पटायला आईबापांना एखादी पिढी जाते, आणि जन्मदर मागे रेंगाळतो तो बऱ्याच अंशी यामुळे.

खात्री पटली तरी तेवढ्याने भागत नाही. शेतात राबणारे पोर घराला हातभार असते. शाळेत जाणारे पोर खर्च असतो. मुलींचे शिक्षण सर्वांत बोलके ठरते. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (पाचवी फेरी) एकूण जननदर, म्हणजे एका स्त्रीला आयुष्यात सरासरी होणारी मुले, शाळेत न गेलेल्या स्त्रियांत २.८ आणि बारावी वा पुढे शिकलेल्यांत १.८ आढळला. लग्न उशिरा होते, पाळणा लांबवण्याचा निर्णय घेण्यात बाईला वाटा मिळतो.

साधने हाताशी असणेही लागतेच. र. धों. कर्वे यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र काढले ते १९२१ सालीच. सरकारी कुटुंबनियोजन कार्यक्रम १९५२ पासूनचा. आणीबाणीत त्याचे रूपांतर सक्तीत झाले. १९७६-७७ या एका वर्षात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. त्याच सुमारास महाराष्ट्र विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयक मंजूर केले; राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते अमलात आले नाही. सक्तीने जन्मदर टिकाऊ उतरला असे दिसत नाही. पुरुष नसबंदी मात्र कायमची बदनाम झाली. वरच्या सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत ३७.९ टक्के विवाहित स्त्रियांची शस्त्रक्रिया झालेली होती, पुरुषांचे प्रमाण ०.३ टक्के. केरळने असल्या बळजबरीवाचून १९८०च्या दशकाअखेरीस प्रतिस्थापन पातळी गाठली.

ही पातळी २.१ धरतात. आईबापांची जागा भरायला दोन मुले, आणि वरचा अंश अशासाठी की मुली मुलांपेक्षा थोड्या कमी जन्मतात व काही जणी आई होण्याच्या वयापर्यंत जगत नाहीत. त्याच सर्वेक्षणात भारताचा जननदर २.० भरला: बिहार ३.०, महाराष्ट्र १.७, गोवा १.३. तरी देशाची लोकसंख्या लगेच थांबत नाही, कारण कालच्या चढ्या जन्मदरातल्या मुली आज आया होत आहेत. या जडत्वामुळेच २०२३ मध्ये भारताने चीनला मागे टाकले.

कुटुंब लहान झाले तरी मुलगा हवाच, असे म्हणणारे समाज गर्भातच निवड करू लागतात. महाराष्ट्राने गर्भलिंगनिदानावर १९८८ मध्ये देशात पहिला कायदा केला. तरी राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या २००१ मधील ९१३ वरून २०११ मध्ये ८९४ वर आली. त्याच २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात ‘नकुशा’ नाव असलेल्या दोनशेहून अधिक मुलींना समारंभपूर्वक नवी नावे देण्यात आली.

संक्रमणाच्या दुसऱ्या टोकाला दक्षिण कोरिया आहे. तेथे सरकार पालकांना भत्ते देते, पाळणाघरांवर खर्च करते. जननदर मात्र २०२३ मध्ये ०.७२ इतका खाली गेला.